बिनधन्याचा कागद

काश्मीरला जाऊन आलेल्या बाईला आमच्या दौंडच्या महिला मंडळात हौसेनं बोलायला उभं करतात. ती दल सरोवरातल्या शिकारा-होडीचं सांगते, केशराचं सांगते, आणि आम्ही चहा थंड होईपर्यंत ऐकतो. मी निमोण्याला जाऊन आले. एकदा नव्हे, दोनदा. पण निमोणं म्हटलं की सगळ्या एकच विचारतात, "अगंबाई, तिथे काय आहे बघण्यासारखं?" काय आहे ते आता लिहूनच सांगते. फक्त एक गोष्ट आधी कबूल करते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मी गेले ती गाव बघायला नव्हे, की शाळा बघायला नव्हे. मी एका बाईतली खोट शोधायला गेले होते.

दौंड

मी इथल्या मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवते. बी. ए., बी. टी. आहे. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, त्यामुळे क्वार्टर्समध्ये राहतो आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली गार्ड-फायरमनच्या. माझ्या वर्गाच्या चार भिंतींवर रंगीत तक्ते आहेत: घर, नळ, कमळ, नथ. साहेब तपासणीला आले की आधी माझ्या वर्गात आणतात. माझ्या मुली एका सुरात असं वाचतात की व्हरांड्यातून जाणारा माणूस थांबतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, सांगते फुशारकीनंच.

तर पुण्याच्या आमच्या ट्रेनिंग कॉलेजात जूनपासून पदवीधर शिक्षकांसाठी एक वर्षाचा नवा अभ्यासक्रम निघायचा होता. विषय एकच: लहान मुलांना आणि निरक्षर माणसांना वाचायला कसं शिकवायचं. पगारी रजा, राहायला वसतिगृह, आणि पुढे शिक्षकांना शिकवायची नोकरी. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना मिळून जागा एक. ती माझीच, असं मी धरूनच चालले होते. वर्षभर घर कसं सांभाळायचं ते मी ह्यांना शिकवायलाही लागले होते. वरण-भातापर्यंत आमची प्रगती झाली होती.

आणि मग प्राध्यापक बाईंचं पत्र आलं. ह्याच बाईंनी मला बी. टी.ला शिकवलं, आणि ह्याच आता निवड करणार होत्या.

"कुलकर्णी, तुझा अर्ज वाचला. दुसरा अर्ज निमोण्याच्या हमीदाबाईंचा आहे. घरी अभ्यास करून बी. ए. झाल्या. त्यांची पहिलीची मुलं दिवाळीलाच वाचायला लागतात असं कानावर येतं. खरं-खोटं मला माहीत नाही. तू जा, दोन दिवस त्यांच्या वर्गात बस, आणि मला अहवाल लिही. तू स्वतः उमेदवार आहेस हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तुला पाठवते. त्यांच्यातली उणीव तुझ्याइतक्या बारकाईनं दुसरं कुणी शोधणार नाही. तू लिहिशील ते मी मानीन."

ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "तुझ्या बाई भलत्याच पोचलेल्या दिसतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. दिवाळीला वाचतात म्हणे! जूनमध्ये बसलेलं पोर दिवाळीला वाचतं? पाठ म्हणत असणार, दुसरं काय. मी दोन रात्री बसून एक चाचणी काढली. सुटे शब्द, वर लहान-लहान वाक्यं: 'रमा नळावर जा. कमळ बघ. घर जवळ कर.' पाठांतराला इथे वावच नव्हता. शाळेच्या चक्रमुद्रण यंत्रावर तिच्या प्रती काढल्या आणि संक्रांतीच्या आठ दिवस आधी निघाले.

शिरूर

दौंड ते शिरूर एसटीचा प्रवास कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याने सुखात राहावं. एवढंच सांगते, की माझी कागदांची पिशवी कंडक्टरने टपावर टाकली आणि तिच्याशेजारी कुणीतरी कोंबड्यांची पाटी ठेवली. घोडनदीला, म्हणजे शिरूरलाच, उतरून पिशवी उघडते तो वरच्या कागदावर कोंबडीने आपला शेरा मारून ठेवलेला. मी कागद पुसला. डाग राहिला तो राहिलाच.

हमीदाबाईंचं माहेर शिरूरच्या बाजारात. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, त्यांच्या आज्यापासूनचं. निमोण्याची गाडी दुपारी होती, आणि "तोवर आमच्या घरी टेका" असं त्यांनी मला कार्ड टाकून कळवलं होतं. मी मनात म्हटलं, बघा, आत्तापासूनच गोड बोलणं सुरू.

दुकानात त्यांची आई बसली होती. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, तोंडात पान. मला बघताच तिने माझा हात धरला आणि चटईवर बसवलं. "दौंडच्या बाई ना? हमीदानं सांगितलंय. हात द्या."

"अहो नको, मला बांगड्या घ्यायच्या नाहीत."

"घ्यायच्या कुणी म्हटलं? सवाष्ण बाई आमच्या दारातनं हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या घेऊन जायची, हा काय हात झाला? आमच्या दुकानाची लाज जाईल." आणि बोलता बोलता तिने माझा हात असा काही दाबला, वळवला, की डझनभर हिरव्या बांगड्या न कळत चढल्या. आमच्या दौंडला बांगडीवाला माझा हात पिळून काढतो, मी ओरडते आणि दोन तरी फुटतात. इथे एक नाही फुटली. बाईंची आईसुद्धा आपल्या कामात पटाईत, हे बघून मला बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटलं.

"आमच्या हमीदाला जागा मिळेल का हो पुण्याला?" म्हातारीने विचारलं. मी दुसरी उमेदवार, हे तिला ठाऊक नव्हतं.

"बघू या," मी म्हटलं, आणि बांगड्यांकडे बघत राहिले.

निमोणे

फाट्यावर उतरल्यावर पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना ज्वारी छातीएवढी उभी, कणसं भरत आलेली, आणि गोफणी घेऊन बसलेल्या बायका पाखरांना हाकलताना गाडीकडे बघून हसत होत्या. आमच्या दौंडला इंजिनाच्या धुरानं वाळत घातलेलं लुगडंसुद्धा काळं होतं. इथली हवा मी दोनदा खोल ओढून घेतली आणि मग आठवलं, की आपण कौतुक करायला आलेलो नाही.

हमीदाबाई गाडीपाशीच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, तिशीच्या अलीकडे-पलीकडे. सावळ्या, उंच, सुती पातळ चापूनचोपून नेसलेल्या. लग्न केलेलं नाही. शाळेशेजारी एका खोलीत राहतात. माझी पिशवी घेत म्हणाल्या, "बाई, तुमचं जेवण आप्पांच्या वाड्यावर सांगितलंय. पाटलाचं घर आहे. तुमची अडचण नको व्हायला."

म्हणजे मी बामणाची, मला तिच्या घरचं चालेल की नाही, हे तिने मला तोंड उघडायला न लावता निस्तरलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच राग आला, कारण माझ्याकडे ती आली असती तर मला हे सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले. तक्ते नाहीत. रंगीत काही नाही. तीस-पस्तीस पोरं तरटावर बसलेली, आणि भिंतीला टेकून गावातली चार-पाच मोठी माणसं. मी विचारलं, "ही कोण? पालक?"

"आज टपालाचा वार आहे," हमीदाबाई म्हणाल्या.

निमोण्यात टपाल आठवड्यातून दोनदा येतं. मुंबईच्या गिरणीतली, पलटणीतली, सासरी दिलेल्या लेकींची पत्रं. वाचणारी माणसं थोडी, म्हणून पूर्वी सगळं गाव मास्तरकडे जायचं. हमीदाबाई आल्या आणि पहिली दोन वर्षं त्यांनीही वाचून दिली. मग एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की मी यापुढे एकही पत्र वाचणार नाही, तुमची पोरं वाचतील. गाव चिडलं. आप्पा पाटील, ज्यांच्याकडे मी जेवत होते, ते स्वतःच मला सांगत होते, "म्या तर म्हनलं, ह्या बाईची बदलीच करा. पगार घेती आन् पत्र वाचीना म्हंजी काय? पर आता माझा नातू वाचतो. माझ्या डोळ्यादेखत वाचतो, बाई."

माझ्यासमोर जे झालं ते असं. एका म्हाताऱ्याने पत्र काढलं. हमीदाबाईंनी एका मुलाला नाव घेऊन बोलावलं. तो मुलगा आधी विचारतो, "आबा, हे तुमचंच हाय नव्हं?" आबा म्हणतात, व्हय. मग तो पत्र उघडतो आणि गप्प. ओठ हलतात, बोट ओळीवरून सरकतं, पण आवाज नाही. सगळा वर्ग गप्प. वाचून झाल्यावर तो आबांच्या तोंडाकडे बघतो, हसतो, आणि मग मोठ्यानं: "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की..."

माझं डोकं तिथेच फिरलं. 'तीर्थरूप'! पहिलीच्या पोराला पहिला शब्द 'तीर्थरूप'! आम्हाला शिकवलंय, सोप्याकडून अवघडाकडे. जोडाक्षर दुसरीत. मी वहीत दणकून लिहिलं: 'पद्धत अशास्त्रीय.' आणि ते पोर माझ्या शास्त्राला न विचारता वाचत होतं. प्रत्येक पत्र तसंच सुरू होतं, त्यामुळे पहिल्या दोन ओळी त्यांच्या डोळ्यांच्या ओळखीच्या. तिथून पुढे ती उडी मारतात.

आणि ते मनातल्या मनात वाचणं! मूकवाचनावर मी बी. टी.ला दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. पैकी आठ मिळाले होते. मूकवाचन वर्गात कधी करून घ्यायचं असतं हे मात्र माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "शिकले कुठली? चुकले. एका बाईचं पत्र मी आपली भडाभडा वाचत गेले. तिसऱ्या ओळीत तिचा भाऊ गेल्याचं होतं. माझं तोंड थांबायच्या आत वाचून झालं. ती बाई उभीच्या उभी खाली बसली. तेव्हापासून ठरवलं, आधी मनात वाचायचं, समजून घ्यायचं, मग तोंड उघडायचं. पोरांनाही तेच सांगितलं. वाईट असलं तर वाचायचं नाही, माझ्याकडं आणून द्यायचं. आणि धनी समोर नसला तर पत्राला हात लावायचा नाही."

मला वाटलं, बोलायला बरं आहे. पण सुट्टीनंतर कोंडाबाई आली. लेक सासरी बारामतीकडे, पहिलं बाळंतपण झालेलं. तिने पत्र कौसल्येपुढे धरलं. ही कौसल्या, वर्गात कौसी, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. कौसीने विचारलं, "मावशी, तुमचंच ना?" उघडलं. ओठ हलायला लागले. हलता हलता थांबले. तिने कोंडाबाईच्या तोंडाकडे बघितलं, पत्राची घडी घातली, उठली आणि काही न बोलता हमीदाबाईंच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "कौसे, पाणी आण." कौसीने तांब्या आणून कोंडाबाईला दिला आणि ती पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग हमीदाबाई कोंडाबाईला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेल्या. बाहेरून रडण्याचा आवाज आला तेव्हा वर्गातलं एक पोर जागचं हललं नाही. तान्हं गेलं होतं.

"लहान मुलांच्या हातात असली पत्रं देता?" मी संध्याकाळी म्हटलं. बोलायला काहीतरी हवं होतं.

"घरात मयत झाली तर पोरं तिथंच असतात की, बाई. त्यांना कळतं. आपल्यालाच वाटतं कळत नाही."

त्या संध्याकाळी मीच म्हटलं, की आज तुमच्याकडे जेवते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चूल पेटवली. बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, लसणाची चटणी. भाकरी तव्यावरून उतरून निखाऱ्यावर ठेवली की टम्म फुगायची, एकही कडा फाटलेली नाही. माझी भाकरी आमचे हे 'नकाशा' म्हणून ओळखतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि प्रत्येक घासाला म्हटलं, देवा, हिला एक तरी गोष्ट धड न येणारी ठेवायची होतीस.

निमोणे, दुसरा दिवस

सकाळी मी चाचणी काढली. चाचणीच्या वेळी वर्गशिक्षकाने वर्गात थांबायचं नसतं, असा नियम आहे. मी तो हमीदाबाईंना सांगितला. "बरं," म्हणाल्या आणि पारावर जाऊन बसल्या.

पहिली कौसीच बोलावली. कागद दिला. तिने घेतला नाही. विचारलं, "बाई, हे कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही. वाच."

"कुणाचंच न्हाई?"

"नाही म्हटलं ना. वाच तू."

तिने हात मागे घेतले. "मग न्हाई वाचायचं. धनी नसला तर न्हाई वाचायचं. बाई म्हनल्यात."

आता लक्ष देऊन ऐका, कारण माझी सगळी यात्रा ह्या एका मिनिटासाठी झाली. मला कळलं. त्याच क्षणी, लखलखीत कळलं. 'अगं, हा कागद माझा आहे, मला वाचून दाखव,' एवढंच म्हणायचं होतं. आठ शब्द. कौसीने तो चुटकीसरशी वाचला असता, तिच्यामागे सगळ्या वर्गाने वाचला असता. आणि जूनमध्ये हमीदाबाई पुण्याला गेल्या असत्या.

मी म्हटलं, "बरं, जा. पुढचा कोण?" आणि तिच्या नावापुढे शून्य घातलं.

मग एकेक पोर आलं. एकेकाने विचारलं, कुणाचं हाय? एकेकाला मी सांगितलं, कुणाचं नाही. एकेक पोर हात मागे घेऊन गेलं. तीन-चार भित्र्या पोरांनी दोन-दोन शब्द वाचले, त्यांना तेवढे गुण दिले. मी अन्याय करत नाही कुणावर. बाकी सगळी शून्यं. शून्य घातलं की हातातल्या हिरव्या बांगड्या वाजायच्या. शेवटी शेवटी मी डाव्या हाताने त्या दाबून धरल्या आणि लिहिलं. शेवटचं पोर जागेवर गेलं तेव्हा घाईत कागद गोळा केले. तो कोंबडीच्या डागाचा कागद तरटावर राहून गेला ते मला कळलं नाही.

"कसं झालं, बाई?" हमीदाबाईंनी पारावरून उठत विचारलं.

"बघू या," मी म्हटलं. आईला दिलं तेच उत्तर लेकीला दिलं.

गाडी फाट्याकडे निघाली तेव्हा पोरं दूरपर्यंत मागे पळत आली. मी मागे वळून बघितलं नाही.

दौंड

घरी येऊन अहवाल लिहिला. सुरेख अक्षरात, रकाने आखून. पद्धत अशास्त्रीय. जोडाक्षरे आधी. वर्गात प्रौढांची वर्दळ. चाचणीचा निकाल सोबत. ह्यांनी विचारलं, "खरं लिहिलंस ना सगळं?"

"एक अक्षर खोटं नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. असलं खरं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुली वाचत होत्या. एका सुरात, नेहमीसारख्या. काय मनात आलं कोण जाणे, मी पुढच्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक मिटलं. ती म्हणतच राहिली. दुसरीचं मिटलं, तिसरीचं मिटलं. सगळ्या वर्गाची पुस्तकं मिटली आणि माझ्या मुलींनी धडा शेवटपर्यंत म्हटला, एक काना इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, "शाबास." दुसरं काय म्हणणार? घरी येऊन अहवाल पाकिटात घातला. टपालावर भरवसा नको म्हणून रविवारी स्वतः पुण्याला नेऊन द्यायचं ठरवलं.

शनिवारचं टपाल ह्यांनी देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं. रविवारी घाईत उचललं आणि गाडीत बसल्यावर बघितलं. एक कार्ड. ओळीओळीला अक्षर वेगळं. वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं.

"तीर्थरूप कुलकर्णीबाईंस निमोणे पहिलीचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की तुमचा एक कागद वर्गात राहिला. कोंबडीची खूण हाय. आमी समद्या गावात इचारलं. धनी घावला न्हाई. आमच्या बाई म्हनल्या ज्यांनी आनला त्यांना इचारा. धनी कोन ते कळवा. धन्याला घेऊन या म्हंजी वाचून दावू. कागद नीट ठिवलाय. तिळगूळ पन ठिवलाय. कौसी."

गावभर फिरली होती पोरं माझा कागद घेऊन. दारोदार. 'हे तुमचं हाय का?' म्हणून.

गाडी केडगावला थांबली. क्रॉसिंग होतं. समोरच्या बाकावर मिशनच्या आश्रमातल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यांतल्या. एक दुसरीला काहीतरी छापील वाचून दाखवत होती, अडखळत, बोट ठेवून, आणि दुसरी डोळे मिटून ऐकत होती. मला तर त्यांचाही हेवा वाटला. माझ्या मांडीवर एक पाकीट होतं, आणि ते मला कुणासमोर उघडून वाचता आलं नसतं. मी उठले आणि केडगावला उतरले. दौंडकडे परत जाणारी गाडी तीन तासांनी होती. फलाटावर बसून पेरू खाल्ले, खूप रडले, आणि अहवालाचे चार तुकडे केले. रडले ते पश्चात्तापानं, असं लिहायचा मोह होतोय. तसं नव्हतं. जागा गेली म्हणून रडले.

निमोणे, पुन्हा

दुसऱ्या फेरीत कोंबड्या नव्हत्या. शिरूरला मी बांगड्यांच्या गल्लीतून गेले नाही, तोंड चुकवून दुसऱ्या बाजूने गेले.

मी वर्गात शिरले तशी पोरं ओरडली, "आल्या, आल्या!" कौसीने दप्तरातून कागद काढला. चौघडी घातलेला, डागासकट. हमीदाबाई खुर्चीतून उठायला लागल्या, मी म्हटलं, "तुम्ही बसा. आज बाहेर जायचं नाही." आणि मी भिंतीपाशी, म्हातारी माणसं बसतात तिथे, तरटावर मांडी घातली.

"धनी सापडला का बाई?" कौसीने विचारलं.

"सापडला. मीच धनी. कागद माझाच होता. तेव्हा मी खोटं बोलले."

तिने मान डोलावली, जणू गावात असं होतच असतं. कागद उघडला. ओठ हलले, पुरते पळभरसुद्धा नाहीत. मग मोठ्यानं, धडाधड: "रमा नळावर जा. कमळ बघ. घर जवळ कर." आणि थांबून कागदाची मागची बाजू बघितली. "बाई, यात काय पन न्हाई की!"

"कशापायी धाडलं मग?" मागून एक पोरगं म्हणालं, आणि सगळा वर्ग खो-खो हसला. हमीदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. माझं दोन रात्रींचं शास्त्र होतं ते.

"आणखी एक आहे," मी म्हटलं, आणि दुसरा कागद दिला. "हा पण माझाच. मी लिहिलाय, पुण्याला पाठवायचाय. आधी तू बघ."

हा माझा नवा अहवाल. रकाने नव्हते. कौसीला वाचता यावा असा, मोठ्या अक्षरात, तिच्या गावच्या पत्रासारखा लिहिला होता. मला तोंडपाठ आहे:

"तीर्थरूप बाईंस, कुलकर्णीचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की निमोण्याची मुलं वाचतात. मी त्यांना शून्य दिलं होतं. ते शून्य माझं आहे. माझ्या मुली पुस्तक मिटलं तरी वाचतात, म्हणजे वाचत नाहीत. जागा हमीदाबाईंना द्या. मला ती फार हवी होती."

कौसीचं बोट ओळीवरून सरकू लागलं. वर्ग गप्प झाला. ओठ हलत होते. मधे एकदा तिने मागे जाऊन एक ओळ पुन्हा वाचली. मी चेहरा जितका हसरा ठेवता येईल तितका ठेवला. मोठी बाई आहे मी, बी. टी. आहे, साहेबांसमोर कधी डगमगले नाही. बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

कौसीने वर माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने कागदाची घडी घातली, उठली, आणि काही न बोलता हमीदाबाईंच्या हातात नेऊन दिला.

हमीदाबाईंनी वाचला. एकदा वाचला आणि पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं नाही, आभार मानले नाहीत. फक्त म्हणाल्या, "कौसे, पाणी आण."

कौसी तांब्या घेऊन आली, आणि मी सगळं पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली.